वैशालीकडचा डबा

मी गाव सोडलं त्या दिवशी अंगणात रिक्षा घरघर करत उभी होती, बाबा रिक्षावाल्याकडे उगाच त्याच्या म्हशीची चौकशी करत होते, आणि माझी आई स्वयंपाकघरात मांडणीवरचं एकेक भांडं उचलून उलटं करून बघत होती. लेक मुंबईला चालली म्हणून आत जाऊन डोळे पुसत असेल, असं वाटलं ना तुम्हांला? छे! शेजारच्या मंदाकाकूंचा एक टोप आमच्याकडे राहिला होता आणि मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायच्या आधी तो परत जायला हवा, हे ऐन वेळी तिच्या डोक्यात शिरलं होतं.

“गो आई, गाडी चुकतली!” मी ओरडले.

“चुकली तर दुसरी गावतली. मंदाचो टोप आधी जावंक व्हयो.”

टोप सापडला. पण त्यात घालायचं काय? कुणाचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, हा आमच्या घरातला कायदा. नेमकी साखर संपलेली, गूळ माझ्याच पिशवीत तळाला. शेवटी तिने माझी पिशवी सोडली, माझ्यासाठी केलेल्या लाडवांतले चार काढून टोपात ठेवले आणि गडग्यावरून, म्हणजे दोन घरांमधल्या दगडी कुंपणावरून, मंदाकाकूंना हाका मारत पळाली. परत आली ती धापा टाकत. रडायला दोघींनाही वेळ उरला नाही. रिक्षा हलली तशी तिने माझ्या मांडीवर एक स्टीलचा डबा ठेवला. झाकणावर तिचं नाव कोरलेला, तिच्या लग्नातला. आणि रिक्षाबरोबर दोन पावलं चालत म्हणाली, “कोणाच्या घराक रिकाम्या हातान जाव नको. कोणाचा भांडा रिकामा देव नको. आणि मोठ्या माणसाक नावान हाक मारू नको.”

वाडीतल्या मंडळींनो, तुम्ही विचारता ना, सुजू मुंबईला जाऊन एवढी गप्प का झाली? आणि माझ्यासारख्याच पुण्याला, ठाण्याला, कुठे कुठे गेलेल्या मैत्रिणींनो, तुम्हांला तर हे सांगायलाच हवं. आईने दिलेल्या या तीन नियमांनी माझा इथे जो काही गोंधळ घातलाय, तो अजून निस्तरतेय मी. दोन नियम मोडले तर चूक, पाळले तर त्याहून चूक. आणि तिसरा तर पहिल्याच दिवशी अडला.

ऑफिस विक्रोळीला. पूर्वी तिथे मोठा कारखाना होता म्हणे, आता काचेच्या इमारती आहेत. आमचं काम आजारपणाच्या विम्याचे कागद तपासायचं. हॉस्पिटलची बिलं, रिपोर्ट, सह्या, तारखा. पहिल्या दिवशी आमच्या मोठ्या बाई समोर आल्या. वय माझ्या आईएवढं, केस छान पिकलेले, सुती साडी. मी वाकायच्या बेतात होते, तेवढ्यात त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाल्या, “मी मृणाल. इथे मॅडमबिडम नाही हं. सगळे मला मृणालच म्हणतात.”

सगळे म्हणत होतेही. कालची पोरं “मृणाल, एक मिनिट” म्हणून बिनधास्त हाक मारत होती. माझी जीभच उचलेना. आईच्या वयाच्या बाईला नावाने हाक मारायची? मॅडम म्हणावं तर त्यांनीच नको सांगितलेलं. काकू म्हणावं तर ऑफिस. मग मी काय केलं असेल? हाकच मारली नाही. त्यांच्या टेबलाशी जाऊन त्या वर बघेपर्यंत उभी राहायचे. अख्खं वर्ष मी माझ्या साहेबबाईंना कुठल्याही नावाने हाक मारलेली नाही, खोटं नाही सांगत.

“भुतासारखी काय उभी राहतेस गं?” शेजारच्या टेबलावरून एक मुलगी म्हणाली. “कधीतरी घाबरून मरेल ती.”

ही वैशाली. घाटकोपरची. तिचे आजोबा गिरणीत लागले तेव्हापासून हे लोक मुंबईत, त्यामुळे गाव म्हणजे काय हे तिला सुट्टीपुरतंही माहीत नाही. तोंडाने एकदम फटकळ आणि मनाने... थांबा, त्यावर नंतर येते. तिने मला पदराखाली घेतलं म्हणायला हवं, जीन्स घालणाऱ्या मुलीला पदर असतो असं धरून चाललं तर. मेलमधलं सभ्य बोलणं कसं वाचायचं ते तिनेच शिकवलं. “हे बघ, ‘जेंटल रिमाइंडर’ आलं म्हणजे तो माणूस संतापलाय. नुसतं ‘नोटेड’ आलं म्हणजे तुझं म्हणणं त्याला अजिबात पटलेलं नाही. आणि कुणी ‘ॲज डिस्कस्ड’ लिहिलं ना, तर समज की वाट लागली, उद्या सगळं तुझ्या अंगावर येणार.”

“मग खरंच जेंटल सांगायचं असेल तर काय लिहायचं?”

“फोन करायचा, येडे.”

मला हे सगळं फार अवघड जायचं. आमच्याकडे माणूस चिडला की वहाळापलीकडे ऐकू जातं. इथे चिडलेला माणूस शेवटी ‘वॉर्म रिगार्ड्स’ लिहितो. शेजारी बसणारी मुलगी पेन मागताना “सॉरी हं, प्लीज” म्हणते आणि परत देताना “थँक्यू सो मच”. मी एकदा वैशालीला म्हटलं, आपल्या माणसाला कुणी थँक्यू म्हणतं का? परकं केल्यासारखं वाटतं. ती म्हणाली, “न म्हटलं तर इथे उद्धट वाटतं. तू म्हणत जा. मला नको म्हणूस, बाकीच्यांना म्हण.” हे मला लागू पडलं. तेव्हापासून मी कुणाला थँक्यू म्हणत नाही त्यावरून माझं माणूस ओळखते.

एका रविवारी मी अशीच तिच्या घरी गेले. मुलुंडला माझी खोली, तिथून घाटकोपर काही लांब नाही, सहज वाटलं, गेले. हातात वसईची केळी होती, आईचा पहिला नियम. वैशालीने दार उघडलं, डोक्याला तेल थापलेलं, बाबांचा जुना शर्ट अंगात. “अगं बाई! मेसेज तरी टाकायचास!” माझं तोंड एवढंसं झालं. आपल्याकडे कुणाच्या घरी जाताना कळवतात का? उलट कळवून गेलं तर विचारतात, काय गो, सगळं बरं आहे ना? पण तिची आई आतून आली, मला हाताला धरून आत नेलं, पोटच्या लेकीला वाढाव्यात तशा आंबोळ्या वाढल्या. निघताना वैशाली जिन्यापर्यंत आली. “सॉरी यार, मी ओरडले. पण पुढच्या वेळी मेसेज कर.” तेव्हापासून मी मेसेज करून जायचे. मेसेज करून गेल्यावर ती केस बांधून बसलेली असायची आणि मला जरा पाहुणी झाल्यासारखं वाटायचं.

जेवणाच्या सुट्टीत आमचे डबे एकत्र. तिच्या डब्यात थंडीत मटारची उसळ, मी सोलून दिलेला लसूण घालून तिच्या आईने केलेली. माझ्या डब्यात काय असणार, भात आणि आईने पाठवलेलं जे काही असेल ते. आईचा तो नाव कोरलेला डबा मात्र मी रोज नेत नव्हते. तो द्याघ्यायचा डबा. गावाहून काही आलं की त्यात घालून वैशालीला द्यायचे. परत यायचा तेव्हा त्यात कधी भाजलेल्या शेंगा, कधी तिच्या आईचा चिवडा. सुरुवातीला ती तो नुसता धुऊन द्यायची. “आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्याचा डबा घासून दिला की झालं. ते मॅनर्स.” पण मी एकदा तिला सगळं सांगितलं होतं.

काय सांगितलं होतं, ते ऐका. आमच्या धाकट्या काकू आणि आम्ही एकाच अंगणातले. बांधावरच्या फणसावरून बाबांचं आणि काकांचं बिनसलं. आवाज वगैरे काही चढला नाही, नवल म्हणजे. त्याच आठवड्यात गाय व्यायली आणि आईने नेहमीसारखा वाडगाभर खरवस काकूंकडे पाठवला. दुसऱ्या दिवशी वाडगा ओट्यावर आणून ठेवलेला. रिकामा. घासून लख्ख. आईने तो हातात घेऊन आत बघितलं, पालथा केला, पुन्हा आत बघितलं. म्हणाली, “संपला.” एवढंच. खरंच संपलं. आजही काकूंच्या घरातला कुकर शिट्ट्या मारतो तो आम्हांला ऐकू येतो, पण त्यांचा आवाज नाही.

“बाप रे,” वैशाली म्हणाली होती. “तुमच्याकडे भांडायला तोंड पण उघडत नाहीत? नुसता वाडगा ठेवून जातात?” मग तिने चमचा चाटत विचार केला. “पण भारी आहे हां. डायरेक्ट.” आणि त्या दिवसापासून तिने माझा डबा कधी रिकामा परत दिला नाही. एकदा काहीच नव्हतं तर दोन चॉकलेटं टाकून दिली.

एवढं सगळं गोड चाललं असताना संक्रांत आली आणि मृणालबाईंनी मला गूळपोळ्या दिल्या.

झालं असं की मी एका हॉस्पिटलच्या बिलातली मोठी चूक पकडली होती. एका म्हाताऱ्या आजोबांचा नाकारलेला क्लेम त्यामुळे मंजूर झाला. मृणालबाई खूश झाल्या आणि दुसऱ्या दिवशी मला केबिनमध्ये बोलावून एक छोटा डबा पुढे केला. “घरी केल्यात. तूप घालून खा.” गूळपोळ्या काय होत्या म्हणून सांगू! खसखशीच्या, कडेपर्यंत गूळ गेलेल्या. खाल्ल्या, आणि मग डोक्यात प्रकाश पडला. हा डबा परत द्यायचाय.

मी त्यात ओल्या काजूगरांची उसळ घालून दिली. बाबांनी नेमका त्याच आठवड्यात एसटीने काजूगर पाठवले होते. मोसमातले पहिले. मृणालबाईंनी उसळ खाल्ली, फार आवडली म्हणाल्या, आणि चार दिवसांनी तोच डबा माझ्या टेबलावर. आत बटाट्याचे पापड, तळलेले. आता? मी त्यात आमसुलाची चटणी घातली. त्या परत आल्या कैरीची डाळ घेऊन. मी करवंदांचं लोणचं. त्यांनी खिरापत. डबा नुसता येरझाऱ्या घालत होता. माझी आई फोनवर खूश. “बाई बऱ्या घराण्यातली दिसता.”

ऑफिस मात्र खूश नव्हतं. मार्च संपत आला होता, आणि मार्च संपताना आमच्याकडे वर्षभराच्या कामाची मापं काढतात. आमच्या टीमला नवा लीड नेमायचा होता. दोघींची नावं होती. एक मी, एक वैशाली. आणि मी रोज बाईंच्या केबिनमध्ये डबा घेऊन शिरत होते.

“सुजू, बंद कर हे,” वैशाली एकदा पँट्रीत म्हणाली. चेहरा नेहमीसारखा नव्हता. “लोक काय बोलतायत माहितीये? लोणी लावतेय म्हणतात.”

“अगं, पण त्यांनी आधी दिला!”

“मग रिकामा परत कर.”

“रिकामा कसा देऊ? म्हणजे काय होतं माहितीये ना तुला?”

“त्यांना नाही ना माहीत! त्या मुलुंडच्या आहेत, तुझ्या काकू नाहीत. त्यांच्याकडे रिकामा डबा म्हणजे रिकामा डबा.”

ती बरोबर बोलत होती, मला कळत होतं. पण त्या संध्याकाळी मी डबा घासला, पुसला, हातात धरला, आणि रिकामा पिशवीत टाकायला हातच होईना. बाईंशी संपलं असं कसं सांगू? कशासाठी? शेवटी त्यात मूठभर द्राक्षं टाकली. तेवढी तरी चालतील असं मनाला समजावत. तुम्हीच सांगा, यात मी लोणी कुठे लावलं? आणि लावलं नसेल तर ते दिसत का होतं? मला तेव्हाही कळलं नाही, आताही नीट कळत नाही.

मे महिन्यात आठ दिवस घरी आले होते मी, तुम्हांला आठवत असेल. परत जाताना आईने वैशालीसाठी तळलेले गरे दिले. बांधावरच्याच फणसाचे. नाव कोरलेल्या डब्यात गच्च भरून. सोमवारी सकाळी मी तिला डबा दिला. तिने झाकण उघडून तिथेच दोन तोंडात टाकले. “आईशप्पथ, काय झकास! घरी नेते, आई वेडी होईल.”

त्याच दुपारी मेल आला. टीम लीड, सुजाता. खाली सगळ्यांचे अभिनंदनाचे मेल. वैशालीचाही आला. “कॉन्ग्रॅच्युलेशन्स. वेल डिझर्व्ड. वॉर्म रिगार्ड्स.”

वॉर्म रिगार्ड्स. मला. जिच्याबरोबर ती एका डब्यात जेवायची, तिला.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात पोचले तर माझ्या टेबलावर आईचा डबा ठेवलेला. उचलला. हलका. झाकण उघडलं. रिकामा. घासून, पुसून, कोरडा केलेला, लख्ख. मी आत बघितलं. पालथा केला. पुन्हा आत बघितलं. आणि मग एकदम लक्षात आलं की मी आईसारखी उभी आहे.

वैशाली तिच्या टेबलाशी हेडफोन घालून काम करत होती. मी काही विचारलं नाही. काय विचारणार? मुंबईत वाढलेली मुलगी, तिने दुसऱ्याचा डबा घासून परत दिला, याच्यात विचारण्यासारखं काय? ते मॅनर्स. घाईत असेल. घरात काही नसेल. पण दोन चॉकलेटंसुद्धा नव्हती? मी दिवसभर तेच घोळवत राहिले. राग आहे की शिस्त? दोन्हीचा डबा सारखाच दिसतो, हीच तर पंचाईत.

आठवड्याने तिने मालाडच्या ऑफिसला बदली मागून घेतली. जाताना सगळ्यांना पेढे वाटले, मलाही दिला, हसली. “ये कधीतरी मालाडला,” म्हणाली. हे ‘ये कधीतरी’ मला चांगलंच कळत होतं आता.

मी मात्र धीर करून मृणालबाईंच्या केबिनमध्ये गेले. नेहमीसारखी उभी राहिले, त्यांनी वर बघितलं. म्हटलं, “मला एक विचारायचंय. ही जागा मला डब्यामुळे मिळाली का?”

त्या इतक्या हसल्या की चष्मा काढावा लागला. “अगं, मी तर वाट बघत होते तू कधी थांबतेस त्याची! तू भरून देतेस म्हटल्यावर मला रिकामा देववेना. माझ्या आईने तसं वाढवलंय ना. घरी सगळे चिडवायचे, आज काय करतेस तुझ्या ऑफिसच्या डब्यासाठी?” मग त्या गंभीर झाल्या. “डब्यामुळे उलट मी तुझं नाव देताना दोनदा विचार केला. कुणी बोट दाखवायला नको म्हणून तुझं काम पुन्हा पहिल्यापासून तपासलं. ते चांगलं होतं. बस.”

बरं वाटलं. पण खरं सांगू? पूर्ण नाही वाटलं. कुणी विचारलं तर बाई दुसरं काय सांगणार? आणि त्या म्हाताऱ्या आजोबांच्या बिलातली चूक मी पकडली खरी, पण आधी त्या हॉस्पिटलच्या बिलांवर संशय घेतला होता वैशालीने, जेवताना, बोलता बोलता. ते बाईंना माहीत नव्हतं. ते मी सांगितलं, तिथेच, त्याच दिवशी. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “तिने मला कधी सांगितलं नाही.” ती नाहीच सांगणार. ती फटकळ आहे, पण स्वतःचं सांगायला तिला लाज वाटते. ‘ॲज डिस्कस्ड’चा अर्थ तिनेच मला शिकवला आणि स्वतः तसं कधी लिहिलं नाही.

मी लीड झाले. सगळे मला नावाने हाक मारतात, माझ्याहून लहानसुद्धा. मीही आता लोकांना ‘जेंटल रिमाइंडर’ पाठवते आणि पाठवायच्या आधी तो तीनदा खोडून पुन्हा लिहिते. आई फोनवर विचारायची, “वैशालीन डबो दिल्यान?” मी म्हणायचे, दिला. “काय घालून?” मी विषय बदलायचे. एकदा ती म्हणाली, “मुंबयत तसाच चलता असात गो.” तिला कळलं होतं. माझी समजूत घालायला तिने मुंबईवर ढकललं.

श्रावण गेला, गणपतीला घरी आले, दिवाळी झाली. तो डबा माझ्या खोलीत ओट्याच्या वरच्या फळीवर. वापरवत नव्हता. रविवारी सकाळी झाडताना त्याच्यावर नजर जायची आणि मला इतका राग यायचा, तिचा, माझा, सगळ्यांचा! अरे, भांडायचं तर भांड ना माझ्याशी! घाटकोपरची पोरगी तू, रिक्षावाल्याशी मीटरवरून भांडतेस, आणि माझ्याशी गप्प?

थंडी पडली. बाजारात मटारचे ढीग लागले. भाजीवालीने शेंग फोडून दाखवली, मी दाणा तोंडात टाकला, गोड लागला, आणि मला तिथेच रडू फुटलं. भाजीवाली घाबरली. “किडका निघाला काय गं?” मी मटार घेतले नाहीत. घरी आले, फळीवरचा डबा काढला आणि तशीच निघाले. मेसेज केला नाही. हातात काही घेतलं नाही. आईचे नियम गेले खड्ड्यात.

वैशालीने दार उघडलं. डोक्याला तेल. तोच बाबांचा शर्ट.

मी रिकामा डबा पुढे धरला. “हा परत घे. मला कळला नाही.”

ती डब्याकडे बघत राहिली. “काय कळला नाही?”

“हा घासून दिलेला डबा आहे की रिकामा दिलेला? तुमच्याकडचा आहे की आमच्याकडचा? सात महिने डोकं फुटायची वेळ आलीये माझी. सांग काय ते.”

तिने डबा घेतला नाही. मग दाराच्या चौकटीला टेकली. “तूच सांगितलं होतंस ना, त्या काकूंचं.”

“हो.”

“मग? कळलं नाही काय म्हणतेस?” तिचा आवाज चिरकला. “माझ्या आईने त्यात चार लाडू ठेवले होते. बेसनाचे. मी काढून ठेवले. मग बसून घासला, फणसाचा वास जाईपर्यंत. पुसला. मला असलं काही लिहायला येत नाही, आणि तुला तोंडावर बोलायची हिंमत नव्हती, कारण तुझं काम चांगलं होतं ना गं, ते मला पण माहीत होतं! पण राग आला होता. मग म्हटलं, हिला कळेल असं सांगू. हिच्याच पद्धतीने.” तिने नाक पुसलं. “आणि तू सात महिने घेतलेस. बावळट.”

मला काय वाटलं ते सांगते, हसू नका. आधी लागलंच. म्हणजे तो रागच होता, आणि ते लाडू काढून ठेवले होते. आणि मग त्याच क्षणी मला फार हायसं वाटलं. एवढ्या मोठ्या मुंबईत माझ्यावर कुणीतरी माझ्या घरच्या पद्धतीने चिडलं होतं. वॉर्म रिगार्ड्स लिहून नाही. काकूसारखं. एका अंगणातल्यासारखं.

“त्या फणसावरून आम्ही काकूंशी अजून बोलत नाही,” मी म्हटलं. काय बोलतेय ते मलाच कळत नव्हतं. “मला तसं नकोय.”

“मला पण नकोय, यार. आत ये ना, मटार सोलतोय आम्ही.”

आत पेपरवर मटारच्या शेंगांचा ढीग. तिच्या आईने सरकून जागा केली, माझ्या हातातला डबा काही न विचारता घेतला आणि ओट्यावर ठेवून दिला. आम्ही तिघी सोलत बसलो. वैशाली निम्मे दाणे खात होती, तिची आई तिच्या हातावर चापट मारत होती. त्या हॉस्पिटलच्या बिलांचं मी तिला सांगितलं, की बाईंना खरं ते सांगून टाकलंय. ती म्हणाली, “माहितीये. त्यांनी मालाडला फोन केला होता मला. पुढच्या महिन्यात मी पण लीड होतेय बहुतेक.” आणि मग, “पण तू सांगितलंस म्हणून नाही हं. माझं काम चांगलंय.” तिच्या डोळ्यांतही तोच गोंधळ दिसला मला, माझ्यावाला. दोघी एकदमच हसलो.

निघताना मी ओट्यावरच्या डब्याकडे हात केला, तर तिच्या आईने माझा हात बाजूला सारला. “राहू दे. आत्ता काही नाही घरात घालायला. केलं काही की देते.”

तर मंडळी, मी त्या दिवशी रिकाम्या हाताने घरी आले. आजवर कधी आले नसेन एवढ्या हलक्या पावलांनी. मुलुंडच्या खोलीत फळीवर डब्याची जागा मोकळी आहे. तिथे बघितलं की मला मंदाकाकूंचा टोप आठवतो, आमचं कसलं ना कसलं भांडं नेहमी त्यांच्याकडे आणि त्यांचं आमच्याकडे असायचं, आणि त्यामुळेच गडग्यावरून दिवसातून दहा हाका व्हायच्या. मला वाटायचं, आई ते भांडं परत करायला पळत होती. आता वाटतं, ती त्यात काहीतरी घालायला पळत होती, म्हणजे मी नसले तरी पलीकडून टोप पुन्हा येत राहील. मला नक्की नाही सांगता येत. पण मुंबईत माझं एक भांडं कुणाच्या तरी ओट्यावर पडलंय, आणि ते येणार आहे, एवढं मात्र खरं.

आईला फोन केला. सगळं सांगितलं. लाडवांचंसुद्धा. शेवटी तिने विचारलं, “मगे डबो खंय आसा आता?”

“वैशालीकडे.”

“रवांदे थंयच,” आई म्हणाली. “घाई करू नको. येतलो तेव्हा येतलो.”

आणि फोन तसाच धरून तिने मंदाकाकूंना हाक मारली, आणि मला फोनवर दूर, गडग्यापलीकडून, ओ आलेली ऐकू आली. मग म्हणाली, “जरा थांब हां गो. धाकल्या काकूक वायच खरवस देवन येतंय. गाय व्यायली.”